उलट्या पावलांची गोलकीपर

माझी भाची कॉलेजच्या फुटबॉल टीमची गोलकीपर आहे म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. या वर्षी टीम एकही सामना जिंकली नाही, हे ऐकलं की त्या आपोआप खाली येतात. केवढं बरं वाटतं लोकांना!

पण हरण्याचीही आमच्या बाईसाहेबांची एक तऱ्हा होती. चेंडू तिच्या हातून कधी सुटायचा नाही. सुटेल कसा? आमच्या भावोजींचं काचेचं दुकान. खिडक्यांची तावदानं, आरसे कापून देतात. ही शाळेत असल्यापासून त्यांच्याबरोबर मोठाल्या काचा उचलते. एक टोक बापाकडे, दुसरं लेकीकडे. भावोजी सरळ चालणार, ही उलटी. मागे वळून बघायचं नाही, कारण मान वळली की काच वळते. भावोजी तोंडाने सांगत राहणार, "पायरी... थोडं डावीकडे... उंबरा!" उंबरा म्हटलं की जागच्या जागी खिळायचं. आणि काच अंगावर आली तर ताठ राहायचं नाही. छातीशी धरून दोन पावलं मागे जायचं, म्हणजे धक्का मुरतो.

ही चेंडूही तसाच झेलायची. मस्त कवटाळायची आणि धक्का मुरवत दोन पावलं मागे, ती थेट गोलच्या रेषेपलीकडे. चेंडू हातात आणि बाई गोलात! की वाजली पंचांची शिट्टी, समोरच्यांचा गोल.

"अगं, चेंडू फुटत नाही," मी म्हटलं एकदा.

"मला माहितीये, मावशी. पायांना कोण सांगणार?"

कॉलेजातल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं 'कुरिअर'. माल न हरवता घरपोच.

असं हरत हरत शेवटचा सामना आला. खेळाच्या सरांनी सगळ्या मुलींना सामानाच्या खोलीत बोलावलं. म्हणाले, "एक गुण तरी आणा. बरोबरी झाली तरी चालेल. नाहीतर पुढच्या वर्षी टीम बंद. या खोलीत झेरॉक्सचं मशीन ठेवायचं म्हणतायत."

कप्तान म्हणाली, "सर, हिचे पाय बांधून ठेवू या का?"

"तू मागे जाऊ नकोस, बाकी काही नको," सर भाचीला म्हणाले. "एवढं शीक."

"नाही जमणार, सर. ते माझ्या हाडात बसलंय. मी रेषेच्या चांगली पुढे उभी राहते. मग पायांना जाऊ दे किती मागे जायचं ते."

"आणि कुणी डोक्यावरून मारला म्हणजे?"

"मग मागे पळेन. उलटं पळण्यात मला हरवणारी आणा एखादी शोधून."

सर म्हणाले, फार हट्टी मुलगी आहे. आहेच. तो हट्ट आमच्या माहेरचा, उगाच दुसऱ्या कुणाला श्रेय नको.

घरी भावोजींचा वेगळाच सूर. "पडू दे बंद. दुकानात माणूस हवंय मला. रोज संध्याकाळी चिखल लावून येते."

"सकाळी दुकान, संध्याकाळी मैदान," ही ताटावरून न उठता म्हणाली. "त्यातलं एक काढलंत ना बाबा, तर दुसरंही जाईल. मग काचेचं ते टोक मावशीला धरायला सांगा."

त्या क्षणापासून मी फुटबॉलच्या बाजूने झाले.

सामन्याला मी गेले. थोड्या वेळाने कुंपणापाशी भावोजींचा टेम्पो येऊन थांबला. "इकडे एक आरसा पोचवायचा होता," म्हणाले. मी टेम्पोत डोकावले. आरसा सोडा, साधी टिकलीएवढी काचही नव्हती.

समोरची टीम वर्षभर कुणाकडून हरलेली नव्हती. आमची ही गोल सोडून एवढी पुढे उभी, की कुणाला वाटावं वाट चुकली. चेंडू आला, झेलला, दोन पावलं मागे, आणि मागे मैदान शिल्लक! पोरं ओरडतायत, "कुरिअर, पार्सल आलं!" हिचं लक्षच नाही. आपल्याला गोल करता येत नाहीत हे आमच्या मुलींनी केव्हाच मान्य केलं होतं, त्यामुळे सगळ्या मिळून नुसत्या आडव्या येत होत्या. सामना संपत आला तरी शून्य-शून्य.

आणि मग त्यांच्या एका उंच मुलीने लांबूनच चेंडू उचलला. सरळ हिच्या डोक्यावरून.

ही वळली नाही. नजर चेंडूवर, हात वर, आणि उलटी सुसाट पळत सुटली. मिळाला चेंडू! कवटाळला! पण पाय थांबेनात. रेषा आली, आली... सरांनी डोळ्यांवर हात ठेवले.

"उंबरा!"

कुंपणावरून असा आवाज आला की मैदान गप्प झालं. तिच्या टाचा जमिनीत रुतल्या. ती पुढे वाकली आणि चेंडू पोटाशी घेऊन गुडघ्यांवर पडली, रेषेच्या अलीकडे. पंच धावत आले, वाकून बघितलं, मान हलवली. गोल नाही. थोड्याच वेळात शिट्टी झाली. बरोबरी. एक गुण!

मुली तिच्यावर ढिगाने कोसळल्या. सर आले, हसले, आणि जाता जाता म्हणाले, "छान. पण पुढच्या वर्षी जरा पद्धतशीर खेळणारी गोलकीपर बघू."

गुडघा पुसत ही म्हणाली, "बघा ना, सर. राखीव बाकावर जागा करून ठेवते तिच्यासाठी."

भावोजी कुंपणापाशीच होते. ही जवळ गेल्यावर म्हणाले, "डावी टाच रेषेवर होती."

"चेंडू नव्हता ना, बाबा."

त्यांनी जरा खाकरून टेम्पोचं दार उघडलं. "उद्या मोठी काच न्यायचीये. सकाळीच उरकू. संध्याकाळ मोकळी हवी."

पोरीने रिकाम्या टेम्पोत बघितलं, बापाकडे बघितलं, आणि आरशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. हा गुण मात्र आमच्या माहेरचा नाही.