सलीमचा चिनी सरदार

लिऊचा फोन आला तेव्हा मी मुशैरिबच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. लिऊ हा सलीमच्या खोलीत राहणारा चिनी फरशीवाला. इतकी वर्षं दोह्यात काढून मोडकंतोडकं हिंदी शिकलेला, पण फोनवर बोलायला घाबरतो. उचलला तर नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांच्या बिल्डिंगखालच्या किराणावाल्याने फोन घेतला आणि सांगितलं, सलीमभाई गेले. ते राहतात त्याच अल मन्सूर भागातल्या एका गच्चीवर एसीचं बाहेरचं युनिट उघडून बसला होता, भर दुपारी, आणि तिथेच कलंडला. खरं सांगतो, मला आधी दुःख झालं नाही. राग आला. आता दीड महिना होत आला, तरी तो राग जायचं नाव घेत नाही...

सलीम गुहागरकडचा. आमच्या अल दुहैलच्या घरी एसी दुरुस्त करायला पहिल्यांदा आला, तेव्हा मी बायकोवर मराठीत करवादत होतो. हा शिडीवरूनच म्हणाला, "वयनींवर कशाला चिडताव भाऊ, चूक मशीनची हाय." त्या दिवसापासून तो घरचा झाला. माझी मुलगी मराठीला इंग्रजीत उत्तरं देते, याला इंग्रजी ओ की ठो कळत नसे, तरी दोघांच्या गप्पा तासभर चालायच्या. कशावर, ते त्या दोघांनाच ठाऊक. जाताना बायको चहा पाजायची आणि तो बशीत ओतून फुर्रकन प्यायचा. माझ्या पुणेरी कपाळावर आठी पडली की मुद्दाम अजून मोठा आवाज काढायचा.

त्याची खरी परिस्थिती मला बऱ्याच उशिरा कळली. ज्या कंपनीत तो होता ती बुडाली, मालक पसार झाला. कामगारांचा कॅम्प रिकामा करताना सुपरवायझर दम देऊन गेला की, तुम्हा सगळ्यांवर कामावरून पळाल्याची, फरारीची केस टाकली आहे, सापडलात तर थेट जेल. पुढे राहण्याचं परमिट संपलं. तेव्हापासून सलीम कागदावर नसलेला माणूस झाला. दवाखाना नाही, बँक नाही, गावी जाणं तर नाहीच. त्याच्यासारखेच आणखी काही जण आणि कागद शाबूत असलेला एकटा लिऊ, असे अल मन्सूरातल्या एका जुन्या बिल्डिंगीत दाटीवाटीने राहायचे.

तिथे शुक्रवारी जेवणं झाली की लिऊ गोष्ट सांगायचा. त्याच्या देशातली शेकडो वर्षांपूर्वीची, एका बंडखोर सरदाराची. सरदार मूळचा कचेरीतला साधा कारकून. अडल्यानडल्याला हात देणारा. सरकारी लोकांनी छळून छळून त्याला कायद्याबाहेर ढकललं आणि तो दलदलीतल्या डोंगरावर जाऊन राहिला. मग त्याच्याभोवती असेच पिडलेले लोक जमले. कोणी शिपाई, कोणी कोळी, कोणी खाटीक. सगळे एका पंगतीला बसायचे, एकमेकांना भाऊ म्हणायचे. चिनी नाव सलीमच्या जिभेवर बसेना, म्हणून तो नुसतं 'सरदार' म्हणायचा. गोष्ट त्याने अशी उचलली की कोकणातलाच कोणी पुढारी असावा. खोलीत त्याने पंगतही तशीच सुरू केली होती. एकच मोठं ताट, सगळ्यांचे हात त्यात, आणि नवा माणूस आला तर पहिला घास त्याचा. उन्हाळ्यात दुसऱ्या कंपन्यांच्या कॅम्पमधल्या पोरांचे एसी हा फुकट दुरुस्त करायचा. मी म्हणायचो, सलीम, तू स्वतःला काय समजतोस? तो हसायचा फक्त.

मग सरकारने माफी जाहीर केली. ज्यांचे कागद संपलेत त्यांनी ठरलेल्या मुदतीत ऑफिसात यावं, शिक्षा न होता मायदेशी जावं. सलीमची आई गावी अंथरुणाला खिळलेली. डोळे अधू झालेले, तोंडात एकच प्रश्न, सलीम कधी येतोय. मला वाटलं, सुटला बिचारा! आणि या माणसाने काय केलं? खोलीतल्या एकेकाला समजावलं, हाताला धरून त्या ऑफिसच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. सगळे आपापल्या घरी पोचले. हा मात्र कोपऱ्यावरूनच परत फिरायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मी त्याच्या खोलीवर जाऊन भांडलो. म्हटलं, तुझा ओळखपत्राचा नंबर दे, मोबाईलवर आत्ता बघतो केस आहे की नाही. तो नंबर द्यायला तयार होईना. नंबर टाकला की त्यांना ठावठिकाणा कळतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग म्हणाला, "भाऊ, सरदारानं बी माफी घेतलीन. डोंगर सोडलान, राजासाठी लढाया केलान. शेवटी राजाच्या लोकांनी काय केलानी? दारू धाडलानी. जहर घातलेली."

गोष्टीचा शेवट तसाच आहे, ती ज्या जुन्या चिनी कादंबरीतली, ती मी नंतर इंग्रजीतून वाचली. पण त्या दिवशी मी ओरडलो, अरे ती गोष्ट आहे! हे दोहा आहे, तू एसी मेकॅनिक आहेस, तुला विष घालायला कोणाला वेळ आहे? लिऊ कोपऱ्यात बसून माझ्याच बाजूने मान हलवत होता. आपण सांगितलेल्या गोष्टीचं हे काय झालं, असा त्याचा चेहरा. पण पालथ्या घड्यावर पाणी. सलीम एवढंच म्हणाला, "पुढच्या माफीला जाईन. इन्शाल्ला." मुदत संपली. दुसऱ्यांसाठी कोणाशीही भिडणारा हा माणूस स्वतःसाठी एका खिडकीसमोर उभा राहू शकला नाही. भीती होती ती साधी, तुमच्याआमच्यासारखी. गोष्टीने तिला अंगरखा दिला, इतकंच.

तो गेल्यावर दफनाच्या परवानगीसाठी मीच धावपळ केली. त्याच ऑफिसात गेलो. खिडकीमागचा कारकून केरळचा होता, तरुण, शांत. त्याने सलीमच्या जुन्या ओळखपत्रावरचा नंबर टाकला, पडदा पाहिला, पुन्हा पाहिला. मी स्वतःहून म्हटलं, फरारीची केस असेल ना. तो म्हणाला, "केस तो कभी हुआ ही नहीं, सर. सिर्फ परमिट खत्म था. आ जाते तो हम भेज देते."

सुपरवायझरने नुसता दम दिला होता. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. इतकी वर्षं सलीम ज्या डोंगरावर लपून बसला होता, त्याच्या पायथ्याशी सैन्यच नव्हतं हो... कोणी त्याला शोधत नव्हतं. 

माती इथेच दिली. लिऊने थडग्याच्या कडेचे दगड हाताने सारखे केले, फरशी बसवतात तसे, आणि कोणाशी न बोलता निघून गेला.

सलीम दर शुक्रवारी नमाजनंतर आईला फोन करायचा. तो गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी त्याच वेळेला माझा फोन वाजला. गावाकडून सलीमच्या पुतण्याने आईला नंबर लावून दिला होता. अम्मांना मुलगा गेल्याचं सांगितलेलं होतं, त्या रडून रडून कोरड्या झालेल्या. आवाज अगदी बारीक. म्हणाल्या, तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठाऊक असेल.

"माझ्या पोरानं गुन्हा काय केलान होता, बाबा?"

"काही नाही, अम्मा. सरकारकडे त्याच्या नावावर गुन्हाच नव्हता."

मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. मला वाटलं, निदान एवढं ऐकून म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल.

"मग तो आला का नाय?" त्यांनी विचारलं.

आता दर शुक्रवारी फोन येतो. त्या तेच विचारतात. मी मीटिंगमध्ये असलो तरी बाहेर येऊन उचलतो, आणि उत्तर सापडेपर्यंत दोघंही फोन कानाला लावून बसतो.