माझे आरसे आणि मावशीची सीताफळं

सोमवारी आराखडा द्यायचा आणि शुक्रवारी मी बीडच्या एसटीत! सरांना कळलं असतं तर माझ्या पीएचडीचं विसर्जनच झालं असतं. पण डोकं पार बधिर झालं होतं, म्हणून मावशीच्या गावी निघालो.

माझं काम थोडक्यात सांगतो. समोरासमोर दोन आरसे, मधोमध रेणूंचा पातळ थर. अडकलेला प्रकाश पुन्हा पुन्हा ये-जा करतो आणि रेणूंशी त्याची गट्टी जमते. जमायला हवी! मी संगणकावर आरसे सुधारत गेलो, प्रकाश वाढला, गट्टी मात्र शून्य. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत जमलं नाही तर विषय बदल." म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

उन्हाळ्यात येणार असाल तर पाण्याच्या दोन बाटल्या आणि सुटे पैसे ठेवा. बीडहून मावशीच्या लिंबागणेशची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरली असं फक्त आपल्याला वाटतं. "सरका की बे, अजून दोघं बसत्यात!" ड्रायव्हर ओरडला. उरलेला प्रवास मी कोणाची तरी पिशवी मांडीवर घेऊन केला.

मावशीनं भाकरी-ठेचा पुढ्यात ठेवला. "लई वाळलास रे. पुण्यात बी दुष्काळ हाय का?"

शनिवारी सकाळी तिच्या शेतात गेलो. गावातल्या शेतकऱ्यांच्या पाणी सोसायटीच्या विहिरीचं पाणी पाळीनं तासभर मिळतं. ठिबकची नळी चालू होती, तरी सीताफळाचं एक रोप हिरवं, पुढचं वाळलेलं. मी शास्त्रज्ञ! लगेच म्हणालो, "मावशी, नळ पूर्ण सोड."

ती खो-खो हसली. "आरं येड्या, पाणी वाढवून काय व्हतंय? सोसायटीनं समद्यांला एकाच मापाची नळी आणली. भोकं तिच्या मापानं, रोपं आमच्या मापानं. हे बघ, दोन रोपांच्या मधीच गळतंय." तिनं नळी वाकवून भोक मुळाशी आणलं.

मी बांधावर मटकन बसलो. आरशांमध्ये अडकलेला प्रकाशही सगळीकडे सारखा नसतो. ठरलेल्या काही जागी लख्ख, काही जागी ठार अंधार. आणि मी दीडशहाण्यानं थर बरोब्बर मधोमध, नेमका अंधारात ठेवला होता! लाज वाटली, आणि आनंदानं ओरडावंसंही वाटलं. मग मावशीला माझा घोळ सांगत दुपारपर्यंत तिच्याबरोबर नळ्या वाकवल्या. कंबर अजून दुखतेय.

रविवारी पुण्यात येऊन संगणकावर थर केसाच्या हजाराव्या भागाएवढा सरकवला. गट्टीचा आकडा शून्यावरून टुणकन उडाला. सोमवारी सरांनी विचारलं, "कुठले आरसे घेतलेस?"

"तेच, सर. फक्त थर सरकवला."

संध्याकाळी मावशीला फोन केला.

"तुझं रोप जगलं का?"

"जगलं, मावशी."

"मंग ये की परत. माझ्या अजून चार वळींच्या नळ्या वाकवायच्या राह्यल्यात."

शनिवारचं तिकीट काढलंय.