लाल झेंड्याखालची कपार

मुदखेडहून पहाटेच्या गाडीनं नांदेड, तिथून एसटीनं लातूर. पिशवी उचलताना कंडक्टर म्हणाला, "बाबा, एवढं जड काय हाय?"

"हातोडा हाय. माझी शाळा."

दुसरीच्या पुढं मी शिकलो नाही, पण दगड काय बोलतो ते मला कळतं. हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

लातुरात भिंतीभिंतीवर क्लासवाल्यांनी पास झालेल्या पोरांचे फोटो लावलेले. स्टँडवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात) खाल्ली. भूकंपानंतर इथले लोक दगडी घराला भ्यायले, माझं घडाईचं काम बसलं. आता क्लासच्या पोरांसाठी चार-चार मजले उठताहेत, त्यांना खडी लागते.

ती निघते निलंग्याकडच्या खदानीतून. तिथं माझा भाचा मुकादम. कड्यातल्या कपारीत (खडकातली खोबण) घुबडानं पिल्लं काढली होती. लातूरच्या पक्षीवाल्या मंडळींनी मालकाशी बोलून, पिल्लं उडेपर्यंत तो कडा सोडायचं ठरवलं. पण सुरुंगाच्या हादऱ्यानं कडा ढासळला तर? किती लांबून फोडायचं, हे सांगायला मला बोलावलं. घुबडासाठी! दोन दिवस मी नाहीच म्हणालो. मग वाटलं, बघू तरी.

पोचलो तर कड्याला लाल झेंडे. आमच्या धंद्यात लाल झेंडा म्हणजे इथं सुरुंग उडणार. मी मुकाट लांब बाभळीखाली जाऊन बसलो. अर्धा तास धडाका काही होईना. शेवटी भाचा आला.

"मामा, इथं काय करायलाव?"

"तुझे झेंडे बघून बसलो."

"ते आमचे न्हाईत. मॅडमनं लावले."

मॅडम म्हणजे क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई, पक्षीवाल्यांच्या पुढारी. म्हणाल्या, "कुणी हात लावू नये म्हणून लावले, काका."

कड्याशी पळालो. कपारीच्या खालीच तीन ताजी भोकं! चहा झाला की गडी सुरुंगाची दारू भरणार होते.

भाचा ओरडला तसा एक गडी म्हणाला, "झेंडा बघूनच पाडली की! झेंडा असतोय कशाला मग?"

बाईंचा चेहरा उतरला.

भोकं मातीनं बुजवली. मग मी कडा ठोकत, कान लावत चाललो. टणटण वाजलं तर दगड एकजीव, बद्द वाजलं तर आत भेग. कपारीपासून तीस पावलांवर भेग संपली. तिथं चुन्याची रेघ ओढली. आमच्यात चुना म्हणजे इथं थांब.

मालक आले. "बाबा, तीस पावलं? चांगला दगड तिथंच हाय."

"दहावर ओढतो. पण कडा बसला तर बाईंना तुम्हीच सांगा. माझं नाव घेऊ नका."

मालकांनी बाईंकडं बघितलं. "मॅडम, उडतील कधी?"

"महिनाभरात."

"मग राहू द्या. पलीकडून काढू."

दिवस कलताना रेघेपलीकडं सुरुंग उडाला. धूळ बसेस्तोवर बाई पुतळ्यासारख्या उभ्या. मग बघितलं, हसल्या, आणि दुर्बीण माझ्या हाती दिली. आधी मला नुसतं आभाळच दिसलं. मग कपार. कापसाच्या बोळ्यांसारखी दोन पिल्लं, आणि आई, नारिंगी डोळे वटारून थेट माझ्याकडं.

"ही का रागावली?"

"तुमचा आवाज लई झाला, काका."

दुसऱ्या दिवशी परतलो. आयुष्यभर दगडाला कान लावला तो कुठून फुटेल हे ऐकायला. कुठवर टिकेल, हे ना कुणी विचारलं, ना मी.

घरी बायको म्हणाली, "काय काय फोडून आले?"

"काही न्हाई. एक कडा उभा ठेवून आलो."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.