पाण्यातले देव

कुंकवाचा करंडा उघडला की मला आमचा लंडनमधला, वेम्बलीतला फ्लॅट आठवतो. मी दहा वर्षांची होते आणि शाळेच्या नाटकात मला रोमच्या हुकूमशहाचं काम मिळालं होतं. तो लढाया जिंकून येतो, लोक त्याला डोक्यावर घेतात आणि शेवटी सिनेटमध्ये त्याचीच माणसं त्याला भोसकतात. त्या दिवशी बाबा, हॉस्पिटलमधले ज्युनिअर डॉक्टर, व्हिसा वाढवून मागायला क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसात गेले होते. आई खिडकीपासून हलत नव्हती. रक्तासाठी कुंकू घ्यायला मी देव्हाऱ्याशी गेले, तर देव स्टीलच्या पातेल्यात, पाण्यात. आई धुवायला ठेवून विसरली असेल, असं वाटून मी ते टी-टॉवेलने पुसून जागेवर मांडले आणि त्याच पाण्यात कुंकू कालवलं. ते बाबांच्या पूजेच्या धोतरावर ओतून, धोतर रोमन झग्यासारखं अंगाला गुंडाळून मी हॉलमध्ये मरायची प्रॅक्टिस करत होते, तेवढ्यात बाबा आले. “नाही म्हणाले. महिन्याभरात निघायचं.” आई देव्हाऱ्याकडे धावली आणि किंचाळली, “देव कुणी काढले? काम होईपर्यंत पाण्यातच ठेवायचे असतात हो!” बाबांनी माझ्या लाल धोतराकडे पाहिलं. “मी काढले,” ते म्हणाले, “सकाळी निघताना.” मी धोतराने तोंड झाकून घेतलं, नाटकात मरताना घ्यायचं होतं तसं. आता आम्ही पुण्यात आहोत आणि बाबा नाहीत. पूजेला बसलं की आई अजून म्हणते, “यांनी तेवढे देव काढले नसते तर!” मी खाली मान घालून देवांना कुंकू लावत राहते.