मेथीच्या वाफ्यातला किडा

आमचं घर डोंबिवलीत, तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर दोन चटया अंथरता येतील एवढी माती आहे. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि नंतर काही महिन्यांनी मी तिथं मेथी पेरली. हौस म्हणून नाही. दिवसातून दहा मिनिटं घराबाहेर बसायला काहीतरी निमित्त हवं होतं.

एका रविवारी सकाळी बघते, तर अर्धी मेथी आडवी. रोपं मुळाशी कुरतडलेली, आणि वाफ्यात माती लांबच लांब फुगून वर आलेली. मी तिथंच बसले. रडण्यासारखं काही नव्हतं, पण रडले.

शेजारच्या आजी मूळच्या इथल्याच गावातल्या. भिंतीपलीकडून त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "बाय, भोकात साबनाचं पानी वत. येल तो भायेर."

मगभर पाणी ओतलं. जरा वेळानं तो आला. अंगठ्याएवढा, मखमली तपकिरी, रातकिड्यासारखा. पण पुढचे पाय रुंद, दातेरी, अगदी फावडीच. असला किडा मी जन्मात पाहिला नव्हता. मारायला चप्पल उचलली, पण तेवढंही करायचा कंटाळा आला. चप्पल ठेवली आणि त्यालाच उचलला. मूठ मिटली, तर ती फावडी बोटांच्या फटीत घालून तो बोटं बाजूला सारायला लागला. एवढासा जीव, पण काय जोर!

तसाच आत नेला. हे खुर्चीत बसलेले. उजवा हात मांडीवर, त्यात व्यायामाचा चेंडू, न दाबलेला. बोलणं जवळपास बंदच. काही विचारलं तर "नको" एवढंच.

"अहो, डावा हात पुढे करा."

त्यांनी कंटाळून पाहिलं. त्यांना वाटलं, नवीन व्यायाम.

"करा तर."

मी किडा त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि मूठ मिटवून वरून धरली. त्यांचे डोळे मोठे झाले.

"ढ... ढकलतोय," ते म्हणाले. आणि हसले. तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी हसूच होतं ते.

तेवढ्यात मूठ सुटली आणि किडा थेट पलंगाखाली. मी सुपली घेऊन फरशीवर ओणवी. हे डाव्या हातानं दाखवतायत, "तिकडे... अगं, तिकडे!"

आठ महिन्यांनी 'अगं' ऐकलं. मी पलंगाखालीच थांबले थोडा वेळ. त्यांना दिसू नये म्हणून.

किडा सापडला. बाहेर भिंतीकडेला सोडला, तर बघता बघता मातीत गडप.

संध्याकाळी मी चेंडू पुढे केला. "नको," ते म्हणाले. माझी कंबर दुखत होती, भांडी पडलेली होती. मी रागानं चेंडू कपाटावर ठेवून दिला.

उरलेली मेथीही त्या आठवड्यात गेली. पुढच्या रविवारी मी वाफा साफ करायला निघाले, तर हे खुर्चीतून म्हणाले, "मी... येतो."

मागच्या दारापर्यंत आठ-नऊ पावलं. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर. मध्ये दोनदा टेकलो. पोचलो तेव्हा दोघंही घामानं भिजलेलो. ते उंबऱ्याशी स्टुलावर बसले, मी वाळकी रोपं उपटत राहिले. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला, तरी आत जाऊ या असं दोघांपैकी कोणी म्हणेना.