कॅन्सरचे जीन आणि वैशालीची आई

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या भिवंडीच्या ऑफिसात ते आपोआप साचत गेले, खालच्या मजल्यावरच्या पॉवरलूमचा कापूस आमच्या कीबोर्डवर साचायचा तसे. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. सर, वैशाली आणि मी, तिघांचंच ऑफिस. कॅन्सर घडवणारे म्हणून आधीच माहीत असलेले जीन घ्यायचे, त्यांचे गुणधर्म कॉम्प्युटरला शिकवायचे आणि उरलेल्या हजारो जीनमधून त्यांच्यासारखे संशयित काढायचे, हे आमचं काम.

*

खालचे लूमवाले रफिकभाई एकदा चहा घेऊन वर आले. सरांनी त्यांना सगळं समजावलं.

"मतलब पुलिस का काम है," रफिकभाई म्हणाले.

"तसंच. फक्त आमचे आरोपी बोलत नाहीत."

"बोलते तो हमारे यहाँ के चोर भी नहीं, साब."

*

पहिला निकाल असा झकास आला की सरांनी पेढे मागवले. पेढा तोंडात जाणार, तेवढ्यात वैशालीला चूक दिसली. गुणधर्मांमध्ये आम्ही 'या जीनवर संशोधनाचे किती पेपर छापलेत' हेही घातलं होतं! कॉम्प्युटरने फक्त नावाजलेले जीन उचलले होते.

"ज्याचं नाव गाजतं त्यालाच धरायचं, ही तर आमच्या गावची रीत हाय," वैशाली म्हणाली.

सरांनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. मी माझा खाल्ला.

*

वैशालीचं गाव दिघाशी. तिथे तिच्या आईच्या छातीत गाठ निघाली होती आणि आई दवाखान्यात जायला काही केल्या तयार नव्हती. वैशाली दिवसभर कॅन्सरचे जीन शोधायची आणि घरी जाऊन आईपुढे हात टेकायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

शेवटी सरांनी स्वतः फोन केला. आईंनी सरांची तब्येत विचारली, "जेवलाव का?" विचारलं आणि फोन ठेवून दिला.

*

मग एका सकाळी आईच ऑफिसात हजर. वज्रेश्वरी देवीला नवस बोलायला निघाल्या होत्या, वैशालीला सोबत न्यायचं होतं. सरांनी खुर्ची दिली. आईंनी स्क्रीनवरची नावं बघितली आणि हे काय म्हणून विचारलं.

"यातला एखादा जीन बिघडला की गाठ होते," सर म्हणाले. "कधीकधी असा बिघडलेला जीन आईकडून मुलीकडेही जातो."

वैशालीने सरांकडे बघून डोळे वटारले. आईंनी वैशालीकडे बोट केलं.

"मंग हिच्यात गेलाय का न्हाय, ता कसा कलंल?"

"आधी तुमचं रक्त तपासावं लागेल. तुमच्यात सापडला, तर हिच्यात नेमका कुठे बघायचा ते कळतं."

आईंनी ओटीची पिशवी उचलली आणि वैशालीचा हात धरला.

"देवी काय पलून जात न्हाय. पयला दवाखान्यात चल."