सशाची झड

ओल्या झावळ्यांचा वास आला की इंद्रलोक नावाच्या वसाहतीतलं आमचं वीसेक वर्षांपूर्वीचं तळमजल्यावरचं घर आठवतं. पावसाळा येणार म्हणून यांनी मागच्या अंगणातल्या आमच्या सशाच्या जाळीच्या पिंजऱ्याला प्लास्टिक घट्ट गुंडाळलं, आणि मे महिन्याच्या उन्हात ससा आत धापा टाकत आडवा पडला. “भाभी, ये तो उबल जाएगा,” शेजारीण म्हणाली. यांनी घाईने प्लास्टिक सोडलं, सोसायटीने छाटलेल्या माडाच्या झावळ्या विणल्या, गावी पडवीला बांधतात तशी झड जाळीला बांधली आणि तिच्यावर पाणी शिंपडलं. “पाऊस अडेल, वारा येईल,” एवढंच म्हणाले. ससा हलेना. संध्याकाळी झड कुरतडल्याचा आवाज आला. “घर खातोय गं तुझा लाडका,” हे म्हणाले. पावसापर्यंत तो रोज खात राहिला, हे रोज विणत राहिले. यंदा हे नाहीत. आठवतात ते असेच, जाळीपाशी मांडी घालून, खुशीत.